अडथळा माणसात असतो की मांडणीत?

साताऱ्यात कुणी काही मोठं करून दाखवलं की पोवई नाक्यावर फ्लेक्स लागतो, सत्कार होतो आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत दोन शब्द हमखास येतात: जिद्द आणि मात. प्रियांका मोहिते हे नाव इथं आता घराघरांत ठाऊक आहे. २०१३ मध्ये एव्हरेस्ट, २०१८ मध्ये ल्होत्से, २०१९ मध्ये मकालू, १६ एप्रिल २०२१ ला अन्नपूर्णा आणि मे २०२२ मध्ये कांचनजंगा. अन्नपूर्णेच्या माथ्यावर पोचलेली ती पहिली भारतीय महिला, आणि आठ हजार मीटरवरची पाच शिखरं चढणारीही पहिलीच. कौतुक व्हायलाच हवं, झालंही.

पण असली कुठलीही बातमी वाचताना मला एक प्रश्न छळतो. मात केली ती नेमकी कशावर? थंडीवर? विरळ हवेवर? पैशाच्या चणचणीवर? की ‘मुलीच्या जातीला कशाला हवेत असले उद्योग’ म्हणणाऱ्या पाहुण्यांवर? हे चार अडथळे एकमेकांचे कुणी लागत नाहीत. एकाला सराव लागतो, दुसऱ्याला प्राणवायूचं सिलिंडर, तिसऱ्याला प्रायोजक आणि चौथ्याला… चौथ्याला काय लागतं ते ज्याचं त्यानं ठरवावं. सगळ्यांना मिळून ‘परिस्थिती’ म्हटलं की जिंकलेल्या माणसाला हार घालून आपण मोकळे होतो, आणि त्याच्या मागून येणाऱ्या मुलीपुढं तेच अडथळे जसेच्या तसे उभे राहतात.

हा गुंता सोडवायची एक पद्धत १९७० च्या दशकात ब्रिटनमधल्या अपंग कार्यकर्त्यांनी घालून दिली. त्यांचं म्हणणं असं: पाय चालत नाहीत, ही एक गोष्ट झाली. कचेरी दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, ही दुसरी. काम अडतं ते या दोन्ही एकत्र आल्या की. आणि यातली दुसरी बदलायला कुठलाही वैद्यकीय चमत्कार लागत नाही. मायकेल ऑलिव्हर या अभ्यासकानं १९८३ मध्ये या विचाराला ‘सामाजिक प्रारूप’ असं नाव दिलं. नाव जड, कल्पना साधी. आपला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदाही व्याख्या करताना हाच धागा धरतो. दीर्घकाळची उणीव आणि समोरचे अडथळे यांची गाठ पडली की माणसाला इतरांच्या बरोबरीनं वावरता येत नाही, असं तो सांगतो. नुसत्या उणिवेवर कायदा थांबत नाही, हे महत्त्वाचं.

मला हे प्रारूप पटतं, पण सगळंच्या सगळं नाही. आठ हजार मीटरवर हवा विरळ असते, यात समाजाचा काय दोष? म्हणून दरवेळी सोलून बघावं लागतं. किती भाग शरीराचा, किती साधनांचा, किती मांडणीचा आणि किती निव्वळ दारावर बसलेल्या माणसाचा. कर्णबधिर शास्त्रज्ञ आणि गिर्यारोहक बायका ही दोन टोकांची उदाहरणं वाटतात, पण सोलायला घेतली की आतून सारख्याच गोष्टी निघतात.

पाप, बाप, माप

आरशासमोर उभं राहून, आवाज न काढता, ‘पाप’, ‘बाप’ आणि ‘माप’ म्हणून बघा. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. प, ब आणि म हे तिन्ही उच्चार ओठ मिटून होतात. फरक असतो तो घशातल्या कंपनाचा आणि नाकातून जाणाऱ्या हवेचा, आणि तो बाहेरून दिसत नाही. क, ग, ह तर तोंडाच्या मागच्या बाजूला आणि घशात होतात, ओठांवर त्यांची खूणही उमटत नाही. ‘ऐकू येत नसलं तरी ओठ वाचतो तो’ असं आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात वाचता येतो तो थोडाच भाग, बाकीचं संदर्भावरून ताडायचं असतं. ‘दुकानदारानं … चुकीचं केलं’ असं वाक्य असेल तर मधला शब्द ‘माप’ असणार, हे कळतं. पण कधी? ‘माप’ हा शब्द आधीपासून माहीत असेल तर.

आता आठवीचा विज्ञानाचा तास डोळ्यांसमोर आणा. सर फळ्यावर पानाची आकृती काढताहेत आणि काढता काढता बोलताहेत. तोंड फळ्याकडे. दुसऱ्या बाकावरच्या कर्णबधिर मुलाला दिसतंय सरांच्या डोक्याचं मागचं टोक. सर वळतात, पण त्यांच्या मागं खिडकी आहे. उजेड डोळ्यांवर येतो आणि चेहरा काळा दिसतो. तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणी शंका विचारतं. मुलगा वळून बघेपर्यंत शंका संपलेली असते आणि सर उत्तर देऊ लागलेले असतात. ‘लिहून घ्या’ म्हटल्यावर तर पंचाईतच. बाकीची मुलं कानानं ऐकतात आणि डोळ्यांनी वही बघतात. याला दोन्ही कामं डोळ्यांनीच करायची. वहीत बघितलं की सर सुटले, सरांकडे बघितलं की वही कोरी. आणि तासाचे शब्द कोणते, तर प्रकाशसंश्लेषण, हरितद्रव्य, पर्णरंध्र. हे त्यानं आयुष्यात कधी कुणाच्या ओठांवर पाहिलेले नाहीत, मग ताडणार कसे? गोष्ट सांगितली तर संदर्भानं निभावून जातं. विज्ञानात मात्र दर ओळीला नवा शब्द, म्हणून ओठ वाचणाऱ्या मुलाची सगळ्यांत जास्त दमछाक याच विषयात होते. त्याच्या बुद्धीचा याच्याशी काडीचाही संबंध नाही.

‘मग कानाचं मशीन लावा की!’ मशीन आवाज मोठा करतं. पण कानाच्या आतल्या शंखासारख्या भागात केसांसारखे तंतू असलेल्या बारीक पेशी असतात, आणि आवाजाचे विद्युत संदेश त्या बनवतात. त्याच मेलेल्या असतील तर मोठा आवाज मोठा होऊन येतो, स्पष्ट होऊन येत नाही. शिवाय सरांच्या आवाजाबरोबर पंख्याची घरघर आणि बाक सरकवल्याचा कर्रकर्र आवाजही तितकाच मोठा होतो. कॉक्लिअर इम्प्लांट हे ऑपरेशन करून कानात बसवायचं उपकरण या पेशींना वळसा घालून थेट नसेला संदेश देतं. त्यानं पुष्कळ फरक पडतो, पण ते लहान वयात बसवावं लागतं, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं थेरपी घ्यावी लागते.

या वर्गाची दुरुस्ती मात्र जवळजवळ फुकट आहे. बोलताना सरांनी फळ्याकडे पाठ करायची, आकृती काढताना गप्प राहायचं. चेहऱ्यावर उजेड पडेल अशा बाजूला उभं राहायचं. धड्यातले नवे शब्द तास सुरू होण्याआधी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचे. मागच्या मुलाची शंका स्वतः पुन्हा म्हणायची. शेजारच्या मुलीच्या वहीचा मोबाईलवर फोटो काढू द्यायचा. यातल्या कशालाही शासन निर्णय लागत नाही.

जॉन कॉर्नफर्थ यांच्या वाट्याला असा वर्ग आला नाही. ते मूळचे सिडनीचे. दहाव्या वर्षाच्या आसपास ऐकू येणं कमी होऊ लागलं आणि विशीत पोचेपर्यंत पार बंद झालं. शाळेतल्या एका शिक्षकानं सुचवलं की रसायनशास्त्र घे, तिथं बहिरेपण फारसं आड येणार नाही. विद्यापीठातलं एकही व्याख्यान त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी पुस्तकं आणि मूळ संशोधन वाचून काढलं. वाचता वाचता पाठ्यपुस्तकातल्या चुकाही सापडू लागल्या, असं ते पुढं सांगत. त्यांचा हात काचकामात चांगला होता. रिटा हॅरडेन्स या सहाध्यायिनीचा प्रयोगशाळेत फ्लास्क फुटला, तो त्यांनी जोडून दिला. पुढं दोघांनी लग्न केलं आणि आयुष्यभर एकत्र संशोधनही केलं. बाहेरच्यांशी बोलताना मध्ये बहुतेक वेळा रिटा असायच्या. १९७५ चं रसायनशास्त्राचं नोबेल कॉर्नफर्थ यांना मिळालं. या गोष्टीत ते हुशार होते हे तर आहेच. पण एक शहाणा शिक्षक, छापील मजकुरावर चालणारा विषय आणि मध्ये दुवा असलेली बरोबरीची शास्त्रज्ञ बायको, यातलं काहीही काढून बघा, गोष्ट डळमळते.

एका ताऱ्यापासून दुसऱ्या ताऱ्यापर्यंत

विज्ञानाच्या इतिहासात मला फार आवडणारा एक धागा आहे, आणि त्याची दोन्ही टोकं कर्णबधिर माणसांच्या हातात आहेत.

पहिलं टोक जॉन गुडरिक. जन्म १७६४, बहिरेपण लहानपणापासून. इंग्लंडमध्ये यॉर्क इथं राहून हा पोरगा रात्री आकाश बघायचा. आल्गॉल नावाचा तारा ठरावीक वेळानं मंद होतो आणि पुन्हा उजळतो, हे त्यानं टिपलं. दर २ दिवस, २० तास आणि ४९ मिनिटांनी. एखादी काळी वस्तू त्याच्याभोवती फिरून त्याला झाकत असावी, असा तर्कही त्यानं केला, आणि तो बऱ्याच अंशी खरा निघाला. १७८३ मध्ये रॉयल सोसायटीनं त्याला कॉपली पदक दिलं, तेव्हा तो विशीतही पोचला नव्हता. पुढच्याच वर्षी त्यानं डेल्टा सेफी हा आणखी एक बदलता तारा शोधला. एकविसाव्या वर्षी तो वारला. आता मांडणी बघा. घराणं पैसेवालं, म्हणून एडिंबरामधल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत त्याला घालता आलं. शेजारी एडवर्ड पिगट हा हौशी खगोल निरीक्षक, त्यामुळं दुर्बीण आणि सोबत दोन्ही मिळाली. त्या काळात यॉर्कच्या एखाद्या गरीब घरातल्या बहिऱ्या मुलाला आल्गॉल दिसला नसेल असं थोडंच आहे? त्याचं कुणी लिहून घेतलं नाही, इतकंच.

दुसरं टोक हेन्रिएटा लेव्हिट. अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत बायकांना ‘कॉम्प्युटर’ म्हणून ठेवत. त्या काळी हे माणसाच्या कामाचं नाव होतं. दुर्बिणीवर बसायचे पुरुष. बायकांनी दिवसा काचेच्या तबकड्यांवरचे ताऱ्यांचे फोटो भिंगातून तपासायचे आणि आकडे मांडायचे. लेव्हिट यांना तासाला ३० सेंट मिळत. त्यांची श्रवणशक्तीही कमी कमी होत गेली होती. छोटा मॅजेलनी मेघ या आपल्या आकाशगंगेजवळच्या तारकासमूहातल्या २५ बदलत्या ताऱ्यांवरून त्यांनी १९१२ मध्ये दाखवलं की असा तारा जितका सावकाश उजळतो-मंदावतो, तितका तो मुळात जास्त तेजस्वी असतो.

याचं महत्त्व काय? रात्री खंबाटकी घाटात समोरून एक दिवा दिसला, तर ती जवळची मोटारसायकल की लांबचा ट्रक, हे नुसत्या उजेडावरून सांगता येत नाही. दिवा मुळात किती वॅटचा आहे हे कळलं, तर मात्र अंतर काढता येतं. लेव्हिट यांनी ताऱ्याचा वॅट वाचायची युक्ती दिली: त्याचा ठोका मोजा. एडविन हबल यांनी १९२३ मध्ये देवयानी दीर्घिकेत, म्हणजे ताऱ्यांच्या एका प्रचंड समूहात, असाच एक तारा पकडला, ठोका मोजला आणि देवयानी आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेर आहे हे सिद्ध झालं. विश्व एकाएकी केवढं तरी मोठं झालं. या जातीच्या ताऱ्यांना ‘सेफीड’ म्हणतात, आणि ते नाव आलं गुडरिकच्या डेल्टा सेफीवरून.

त्याच वेधशाळेत ॲनी जंप कॅनन होत्या. तरुणपणी आलेल्या आजारपणानंतर त्यांनाही नीट ऐकू येत नसे. त्यांनी सुमारे साडेतीन लाख ताऱ्यांचं वर्गीकरण केलं. हात इतका बसला होता की मिनिटाला तीन तारे. ताऱ्यांचे ओ, बी, ए, एफ, जी, के, एम हे वर्ग आजही शिकवले जातात, ती क्रमवारी त्यांचीच. बहिरेपणानं त्यांचं काम एका मिनिटासाठीही अडलं नाही, कारण तबकडीला आवाज नसतो. अडलं ते बाईपणावर. १८९६ मध्ये कामाला लागलेल्या कॅनन यांना हार्वर्डनं रीतसर खगोलशास्त्रज्ञाचं पद दिलं ते १९३८ मध्ये. बेचाळीस वर्षांनी! ‘बहिरेपणावर मात करणारी शास्त्रज्ञ’ असं त्यांच्याबद्दल लिहिणारे चुकीच्या अडथळ्याकडे बोट दाखवतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

कधी कधी तर उणीव हीच कामाची ठरते. १९५० च्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेच्या नौदलाला आणि नासाला प्रश्न पडला होता की अंतराळात माणसाला गरगरणार किती. तोल सांभाळणारं इंद्रिय कानाच्या आतच असतं, अर्धवर्तुळाकार नळ्यांमध्ये. गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या कॉलेजातले अकरा पुरुष त्यांनी निवडले. त्यातल्या दहा जणांचं हे इंद्रिय मेंदूज्वरानं निकामी झालं होतं. सावकाश फिरणाऱ्या खोलीत त्यांना बारा दिवस ठेवलं, काही झालं नाही. मग खवळलेल्या समुद्रात बोटीवर नेलं. हे लोक आरामात पत्ते कुटत बसले आणि संशोधकच ओकून ओकून आडवे झाले. शेवटी प्रयोग थांबवावा लागला तो संशोधकांसाठी. अंतराळात मात्र या अकरांपैकी कुणाला पाठवलं नाही.

डोंगर खरोखर काय मागतो

आता डोंगराकडे. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्राचा माथा. अन्नपूर्णा त्याच्या जवळपास पाचपट. हवेतला प्राणवायूचा वाटा वर गेल्यावरही २१ टक्केच राहतो, पण हवेचा दाब घटत जातो. साडेपाच हजार मीटरवर तो समुद्रसपाटीच्या निम्मा होतो, एव्हरेस्टच्या माथ्यावर जेमतेम एकतृतीयांश. म्हणजे छाती तेवढीच भरली तरी हाती लागणारा प्राणवायू तिसरा हिस्सा. शरीर हळूहळू जुळवून घेतं. श्वास वाढतो, तांबड्या पेशी वाढतात. म्हणून गिर्यारोहक काही आठवडे वर-खाली करत राहतात. आठ हजारांच्या वर मात्र जुळवणूक संपते आणि शरीर फक्त झिजत जातं. हा अडथळा अस्सल शरीराचा आहे. त्याला भाषणानं फरक पडत नाही.

मग बाईच्या शरीराला तो जास्त जाचतो का? रेमंड ह्यूई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० ते २००५ या काळातल्या एव्हरेस्टच्या २,२११ गिर्यारोहकांच्या नोंदी तपासून २००७ मध्ये उत्तर दिलं. माथ्यावर पोचण्याच्या शक्यतेत स्त्री-पुरुष फरक नाही, मरण्याच्या शक्यतेतही नाही. फरक वयानं पडतो. चाळिशीनंतर पोचण्याची शक्यता कमी होते आणि साठीनंतर जिवाचा धोका वाढतो. डोंगराला बाई-पुरुष कळत नाही, वय कळतं.

तरीही वर जाणाऱ्यांत बायका कमी का, हे बघायला पायथ्याशी यावं लागतं. आर्लीन ब्लूम या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ. अलास्कातल्या डेनाली शिखराच्या मोहिमेसाठी त्यांनी विचारणा केली, तर उत्तर आलं की बायकांना बेस कॅम्पपर्यंत येता येईल, स्वयंपाकाला मदत म्हणून. १९७० मध्ये सहा बायकांची तुकडी थेट डेनालीच्या माथ्यावर जाऊन आली. १९७८ मध्ये ब्लूम यांनी अन्नपूर्णेवर बायकांची मोहीम नेली. ‘बाईची जागा माथ्यावर’ अशा अर्थाची ओळ छापलेले टी-शर्ट विकून त्यांनी पैसा उभा केला. १५ ऑक्टोबरला आयरीन मिलर आणि व्हेरा कोमारकोव्हा दोन शेर्पांसह वर पोचल्या. पहिली भौतिकशास्त्रज्ञ, दुसरी वनस्पतिशास्त्रज्ञ. दुसऱ्या तुकडीतल्या दोघी परत आल्या नाहीत, हेही सांगायला हवं. डोंगरानं आपला हिशेब दोन्हीकडून केला. त्याच्या आदल्याच वर्षी ब्लूम यांनी लहान मुलांच्या झोपण्याच्या कपड्यांतल्या आगरोधक रसायनाचा धोका दाखवून दिला होता. ‘चुलीपाशी बसा’ असं सांगितलं गेलेली बाई ती ही.

एव्हरेस्टवर पहिली बाई पोचली १६ मे १९७५ ला, जपानची जुंको ताबेई. घरी तान्हेपण नुकतंच सरलेली मुलगी. पैसे मागायला गेल्यावर ‘मुलं सांभाळा’ हा सल्ला ठरलेला. प्रत्येकीला घालायची रक्कम जवळपास वर्षाच्या पगाराएवढी, म्हणून ताबेईंनी पियानोच्या शिकवण्या घेतल्या. जुन्या पडद्यांच्या पँट शिवल्या. ४ मे ला हिमकडा कोसळून तंबूसकट त्या गाडल्या गेल्या, शेर्पांनी ओढून बाहेर काढलं. बारा दिवसांनी त्या माथ्यावर होत्या. पैशाचा अडथळा आजही जागचा हललेला नाही, उलट वाढतोय. नेपाळ सरकारचा एव्हरेस्टचा परवानाच आधी ११,००० डॉलर होता, सप्टेंबर २०२५ पासून १५,००० झाला. शेर्पा, प्राणवायू, प्रवास, विमा वेगळा. माण-खटावातल्या मुलीचे पाय कितीही दमदार असोत, दोर सर्वांत आधी इथं तुटतो.

आणि एक अडथळा असा, ज्याबद्दल सत्काराच्या भाषणात कुणी बोलत नाही. उंचीवर दिवसाला तीन-चार लिटर पाणी प्यावं लागतं, कारण कोरड्या हवेत दर श्वासाबरोबर ओलावा निघून जातो. पाणी कमी पडलं की रक्त दाट होतं, बोटांपर्यंत नीट पोचत नाही आणि हिमदंशाचा धोका वाढतो. पण प्यालेलं पाणी बाहेरही टाकावं लागतं. पुरुष वादळातही निभावून नेतो. बाईला कमरेला दोर बांधलेला, वर एका तुकड्याचा जाडजूड सूट, चार पुरुष मागं रांगेत आणि तापमान उणे तीस. म्हणून ती पाणीच कमी पिते. मागच्या बाजूला चेन असलेले सूट आणि पायाचे पट्टे सुटे करता येणारे हार्नेस (दोर अडकवायचे कमरपट्टे) आता मिळतात, आणि हा प्रश्न बराच हलका होतो. म्हणजे अडथळा शिवणीत होता.

यासाठी हिमालयात जायलाही नको. साताऱ्यात पहाटे पोलीस भरतीचा सराव करणाऱ्या मुली बघा. आठशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. तालुक्याच्या गावांतून पहिल्या एसटीनं येतात. यांतल्या कितीतरी जणी घरून निघाल्यापासून पाण्याचा घोटही घेत नाहीत, कारण मैदानाजवळ जाण्याजोगी जागा नसते. मग तिसऱ्या फेरीला पोटऱ्या धरतात, आणि कोच म्हणतात, ‘स्टॅमिना कमी पडतोय.’ याला जिद्द लागत नाही, संडास लागतो.

दोन्ही धागे एकत्र बघायचे तर मे २०२३ मध्ये स्कॉट लेहमन आणि शायना उंगर हे अमेरिकन कर्णबधिर जोडपं एव्हरेस्टवर पोचलं. तिथं वारा इतका असतो की कान शाबूत असलेल्यांनाही शेजारचा काय ओरडतोय ते कळत नाही, आणि मास्कमुळं ओठ तर कुणाचेच दिसत नाहीत. अशा ठिकाणी खुणांची भाषा येणारा माणूस दोरीच्या दुसऱ्या टोकाशी बोलू शकतो. अंधार आणि जाड हातमोजे मात्र तीही बंद पाडतात, मग दोराचे हिसके आणि डोक्यावरच्या दिव्याचे इशारे आधीच ठरवून ठेवावे लागतात.

दार उघडलं तेव्हा

काही अडथळे मात्र निव्वळ नियमाचे असतात. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ ची, देशातली पहिली. साठ वर्षं तिथं फक्त मुलगे होते. २०२१-२२ पासून सैनिक शाळा मुलींना खुल्या झाल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, परीक्षाही मुलींना खुली झाली आणि २०२५ च्या मे महिन्यात खडकवासल्याहून पहिल्या १७ मुली संचलन करत बाहेर पडल्या. २०२० मधल्या मुलींची फुप्फुसं आणि २०२१ मधल्या मुलींची फुप्फुसं यात काही फरक पडला होता का? बदलला तो एक कागद.

कर्णबधिर मुलाच्या बाबतीत पहिलं दार मात्र घरातच असतं, आणि ते वयाच्या पहिल्या वर्षात उघडावं लागतं. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आई-बापांच्या पोटी जन्मतात, त्यामुळं कुणाच्या ध्यानात येत नाही. दोन वर्षं झाली तरी पोर बोलत नाही म्हटल्यावर आजी सांगते, ‘याचा मामाही उशिराच बोलायला लागला.’ यात वर्षं जातात, आणि मेंदू भाषा पटापट उचलतो तो काळ नेमका हाच. म्हणून तज्ज्ञांचा ठोकताळा आहे: पहिल्या महिन्यात श्रवणाची प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत बेरा टेस्टसारख्या (आवाजाला मेंदूकडून येणारा प्रतिसाद मोजणाऱ्या) चाचण्यांनी पक्कं निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत येतात, त्यांच्या यादीत जन्मजात बहिरेपण आहे. पथक आलं की आपणहून विचारावं, लाजू नये.

उपाय म्हणजे फक्त मशीन किंवा ऑपरेशन नव्हे. मुलाला कुठली तरी एक भाषा भरभरून मिळायला हवी, मग ती बोलली जाणारी असो की खुणांची. ‘खुणा शिकवल्या तर बोलणार नाही’ या भीतीपोटी दोन्ही अडवून धरण्यात मुलाचं सगळ्यांत जास्त नुकसान होतं. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्रानं २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा कोश काढला, २०२१ पर्यंत तो १०,००० वर गेला, आणि त्यात शाळेतल्या विषयांचे शब्दही आहेत. ‘प्रकाशसंश्लेषण’साठी एक ठरलेली खूण असली की शिक्षकाला अक्षर अक्षर बोटांनी लिहीत बसावं लागत नाही.

एक सूचना पालकांसाठी. कर्णबधिर मुलांना परीक्षेत विषयांच्या सवलती मिळतात, आणि शाळा त्या चांगल्या मनानंच सुचवते: गणित जड जातंय, सोपा पर्याय घेऊ या, पोरगं पास तरी होईल. पास होतंही. पण दहावीला गणित-विज्ञान नीट नसेल तर पुढची वाट तिथंच वळते, आणि हे कळतं अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत. मुलाला वेळ वाढवून द्या, लेखनिक हवा असेल तर घ्या, भाषेची सवलत लागत असेल तर तीही घ्या. विषय मात्र सोडण्याआधी नववीतच मुख्याध्यापकांना विचारा की ही सवलत घेतल्यावर सायन्सला प्रवेश मिळेल का, आणि उत्तर लेखी मागा.